आईच्या हृदयात गाठ निघाली आहे, काका म्हणतात हत्यार लावू नका

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या भूलतज्ज्ञ आहेत. मुंबईत हृदयशस्त्रक्रियांसाठी भूल देण्याचं काम त्यांनी अनेक वर्षं केलं. आता त्या जळगावला राहतात.)

प्रश्न : ताई, आमची यावल तालुक्यात केळीची शेती आहे. आई ५१ वर्षांची. दिवाळीपासून तिला संध्याकाळची कणकण यायची, सांधे दुखायचे, जेवण तुटलं. सहा किलो वजन उतरलं. मलेरिया, टायफॉइड सगळं तपासलं. रक्तातला ईएसआर (अंगात दाह असला की वाढतो तो आकडा) ९२ आला म्हणून टीबीचीही तपासणी झाली, त्यात काही निघालं नाही. मागच्या आठवड्यात बागेत वाकून पिलं कापताना तिला भोवळ आली आणि ती पडली. जळगावला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली. डाव्या कर्णिकेत ५.२ बाय ३.८ सेंमीची गाठ आहे, बहुतेक मिक्सोमा, ह्याच आठवड्यात ऑपरेशनला न्या, असं सांगितलं. धाकट्या बहिणीचं लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, आहे, अजून अडीच महिने आहेत. काका म्हणतात, गाठीला हत्यार लागलं की ती पसरते. हा कॅन्सर आहे का? रक्त पातळ करायच्या गोळीने गाठ विरघळेल का? लग्न झाल्यावर ऑपरेशन केलं तर चालेल का?

उत्तर : लग्नानंतर नाही चालणार. डॉक्टरांनी ह्याच आठवड्यात म्हटलंय, तर ह्याच आठवड्यात. बाकीचं सगळं सांगते, पण आधी हे मनाशी पक्कं कर आणि काकांना शेजारी बसवून पुढचं वाच.

तू लिहिलंयस त्यावरून हा कॅन्सर वाटत नाही. हृदयात मूळ धरणाऱ्या गाठी मुळातच विरळ, आणि त्यांतल्या चारांतल्या तीन तरी कॅन्सरच्या नसतात. मोठ्या माणसांत ह्या बिनकॅन्सरच्या गाठींपैकी निम्म्याच्या आसपास मिक्सोमा असतात. बायकांमध्ये जास्त, तिशी ते साठीच्या दरम्यान जास्त, आणि चारांतल्या तीन डाव्या कर्णिकेत, म्हणजे हृदयाच्या डावीकडच्या वरच्या कप्प्यात. दोन कर्णिकांच्या मधल्या पडद्याला ही गाठ देठाने लोंबते. तुझ्या आईचं वय, गाठीची जागा, ताप, वजन उतरणं, सगळं ह्या वर्णनात बसतं. शेवटचा शिक्का पॅथॉलॉजीचा. काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावरच तो बसतो.

आम्ही डॉक्टर अशा गाठीला 'साधी गाठ' म्हणतो आणि ह्या शब्दानेच घात होतो. साधी आहे ना, मग आखाजीनंतर बघू! गाठ जातीने साधी आहे, जागेने नाही. डाव्या कर्णिकेतून रक्त मायट्रल झडपेतून खाली उतरतं आणि तिथून साऱ्या अंगाला जातं. ह्या दारावर पाच सेंटीमीटरचा लोळा देठावर झुलतोय. इकोच्या पडद्यावर बघशील तर देवळातल्या घंटेच्या लोलकासारखा तो दर ठोक्याला झडपेत उतरतो आणि परत वर येतो. एखाद्या वेळी झडपेतच अडकला की रक्त थांबतं. बागेत आई पडली ती बहुधा त्याच क्षणी. त्या वेळी गाठ आपोआप सुटली. दर वेळी सुटेल ह्याचा भरवसा कोणी देणार नाही.

दुसरा धोका तुकड्यांचा. मिक्सोमा फार मऊ आणि ठिसूळ असतो. त्याचा कण सुटून रक्ताबरोबर मेंदूत गेला तर लकवा, पायाच्या धमनीत गेला तर पाय थंडगार पडून काळानिळा. तिसरी गोष्ट म्हणजे ताप, अंगदुखी, वाढलेला ईएसआर. ही गाठ इंटरल्युकिन-६ नावाचं एक रसायन रक्तात सोडते आणि अंगात कुठे जंतू नसताना अंग जंतूंशी झुंजल्यासारखं तापतं. म्हणून मलेरिया निघाला नाही आणि टीबीही निघाला नाही. गाठ निघाल्यावर हा ताप आपोआप जातो.

रक्त पातळ करायची गोळी गुठळीवर काम करते. मिक्सोमा ही रक्ताची गुठळी नाही, ती वाढलेल्या पेशींची गाठ आहे. गोळीने ती विरघळत नाही. दुसऱ्या कुठल्याच औषधाने नाही, काढ्याने नाही, पथ्याने नाही. कर्णिकेत गुठळीही होऊ शकते, पण ती बहुधा झडप अरुंद झालेली असताना, ठोके अनियमित असताना होते आणि कर्णिकेच्या कोपऱ्यातल्या पिशवीत किंवा मागच्या भिंतीला असते. मधल्या पडद्यावर देठ दिसला की डॉक्टरांचा कल मिक्सोमाकडे जातो. तो देठ नीट बघायला अन्ननलिकेतून इको करतात, कधी एमआरआयही.

आता काकांचं. त्यांच्यावर चिडू नकोस. आमच्या घरीही आजी हेच म्हणायची. गावातली माणसं कॅन्सर पसरल्यावरच ऑपरेशनला पोचायची, वाचायची नाहीत, आणि दोष हत्याराला लागायचा. ह्या गाठीत एका बाबतीत काकांचं खरं आहे. सुई टोचून तिचा तुकडा तपासायला घेत नाहीत, कारण टोचताना कण सुटू शकतो. म्हणून ती अख्खी काढायची, देठासकट. न काढता ठेवली तर कण सुटायची भीती रोजची आहे.

तू एक गोष्ट लिहिली नाहीस, ती आईला विचार. तिला कोणत्या कुशीवर दम लागतो? वाकल्यावर जास्त होतं का? बसल्यावर उतरतं का? हे विचारते त्याला कारण आहे.

१९८४ साली मी मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात आंतरवासिता करत होते. वॉर्डात शिंदखेडा तालुक्यातली एक बाई आली. अडतीस वर्षांची, नवरा गोदीत हमाल. धाप, थोडा ताप, छातीत मर्मर, म्हणजे ठोक्यांबरोबर ऐकू येणारा जादा आवाज. केसपेपरवर लिहिलं गेलं, संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप अरुंद. तेव्हा असे रुग्ण दर आठवड्याला यायचे, कुणाला शंका आली नाही. सकाळच्या राउंडला मर्मर स्पष्ट ऐकू यायची, संध्याकाळी ती बसलेली असताना यायची नाही. सर म्हणाले, ऐकायला शिका. बाईला प्रमाण मराठी जड जायची. रात्री तिने माझा हात धरून सांगितलं, "डाव्या कुशीवर दम लागस, ताई. उजव्या कुशीवर बरं वाटस." त्या वॉर्डात अहिराणी समजणारी मी एकटी होते. मला शब्द समजले. मी पेपरवर लिहिलं, 'रात्री धाप लागते.' कूस लिहिलीच नाही. अरुंद झडपेची धाप कूस बघत नाही. झुलणाऱ्या गाठीची धाप बघते, कारण कूस बदलली की गाठ दारावरून सरकते. हे पुस्तकात होतं, माझ्या वाचण्यातही आलं होतं. नवव्या दिवशी सकाळी तिचा उजवा हात उचलेना आणि बोलणं गेलं. मग इको झाला. गाठ दिसली.

ऑपरेशन झालं, ती वाचली. मला डोक्याच्या बाजूला एका स्टुलावर उभं राहून बघायला दिलं होतं. सर्जननी गाठ काढून स्टीलच्या वाटीत ठेवली. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात फुगवून ठेवावा तशी ती होती, पिवळसर, चकचकीत, मध्ये मध्ये रक्ताचे तपकिरी ठिपके. चिमट्याचं टोक नुसतं लागलं आणि कडेचा एक लोंब गळून पडला. तेवढाच एक कण त्या बाईच्या मेंदूत गेला होता. बोलणं हळूहळू परत आलं. उजव्या हाताची पकड आली नाही. दोन वर्षांनी तपासणीला आली तेव्हा म्हणाली, भाकरी आता डाव्या हाताने थापते. मी भूलशास्त्र निवडलं ते त्या स्टुलावर. तेव्हापासून रुग्ण ज्या शब्दांत सांगेल त्याच शब्दांत लिहून घेते. तुझ्या आईचेही शब्द तसेच सर्जनला सांग.

ऑपरेशनच्या दिवशी काय होतं ते घरात सगळ्यांना माहीत असलेलं बरं. चाळिशी ओलांडलेली असल्याने आधी हृदयाच्या धमन्यांची अँजिओग्राफी करतात, एखादा ब्लॉक असेल तर त्याचंही काम त्याच वेळी उरकतं. अशा रुग्णाला मी टेबलावर एकदम सपाट झोपवत नाही. जिला ज्या बाजूला बरं वाटतं, तशीच अर्धवट बसती ठेवते. हृदय-फुप्फुसांचं काम तात्पुरतं करणारं हार्ट-लंग मशीन भरून तयार, सर्जन हात धुऊन गाउन घालून उभे, मगच हळूहळू भूल. कारण भूल दिल्यावर रक्तदाब उतरतो, आणि त्याच वेळी गाठ झडपेत बसली तर हाताशी मिनिटं उरत नाहीत. झोप लागली की अन्ननलिकेतून इकोची नळी आत जाते, देठ कुठे आहे ते सर्जनना पडद्यावर दाखवायचं काम माझं.

छातीचं मधलं हाड उघडतात. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन, मग नळ्या, मग मशीन चालू. महाधमनीला क्लॅम्प, म्हणजे रक्त अडवणारा चिमटा, लागेपर्यंत हृदयाला कुणी दाबत नाही, हलवत नाही. हा थिएटरमधला सगळ्यात शांत वेळ. क्लॅम्प लागला की पोटॅशियमचं थंडगार द्रावण देऊन हृदय थांबवतात. कर्णिका उघडून गाठ देठासकट आणि देठाभोवतीच्या पडद्याच्या कडेसकट अख्खी काढतात. पडद्याला पडलेलं भोक हृदयावरच्याच आवरणाचा तुकडा लावून शिवतात. कप्पा धुतात, झडप पाण्याने भरून गळते का बघतात, हवा काढून बंद करतात. क्लॅम्प निघाला की हृदय बहुतेक वेळा आपणहून धडधडायला लागतं. हृदय थांबलेलं असतं ते बऱ्याचदा तासाभराच्या आत-बाहेर, पूर्ण ऑपरेशन तीन-चार तासांचं.

हे आज इतकं सरळ सांगता येतं ह्याचं मला अजून अप्रूप वाटतं. स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ ह्यांनी ध्वनिलहरींनी हृदय पहिल्यांदा बघितलं ते १९५३ साली, आणि तिथेच क्लॅरेन्स क्राफोर्ड ह्यांनी हार्ट-लंग मशीन लावून डाव्या कर्णिकेतला मिक्सोमा पहिल्यांदा यशस्वीपणे काढला तो १९५४ साली. त्याआधी ही गाठ बहुधा शवविच्छेदनातच सापडायची.

जोखीम लपवत नाही. अनुभवी केंद्रात ह्या ऑपरेशनमध्ये दगावण्याचं प्रमाण शंभरात एक ते तीन. चारांतल्या एकाला नंतर काही दिवस ठोके अनियमित होतात, ते औषधाने आटोक्यात येतात. आयसीयूत एक-दोन दिवस, साधारण आठवड्याने घरी. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे, तोवर पाण्याची बादली उचलायची नाही, मोटरसायकलवर मागे बसायचं नाही, केळीच्या बागेत तर पायच ठेवायचा नाही. अडीच महिने म्हणजे दहा-अकरा आठवडे. हिशेब तूच कर. आत्ता केलंत तर बहिणीच्या लग्नात आई मांडवात उभी असेल.

मुंबईला, नाशिकला की छत्रपती संभाजीनगरला न्यायचं ते तिच्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारून ठरव, आणि प्रवास रेल्वेने की रुग्णवाहिकेने तेही त्यांनाच विचार. भुसावळहून रेल्वेने जायचं ठरलं तर तिला जशी बरं वाटतं तशी टेकून बसव, बरोबर दोघं तरी असा. रिपोर्टच्या कागदाबरोबर इकोचा व्हिडिओही घे, सर्जनला कागदापेक्षा तो जास्त सांगतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात गेलात तर दारातच आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार त्याच्यापुढे ठेव आणि मंजुरी येईपर्यंत त्याच्या मागे लाग. वाटेत परत भोवळ आली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा एखादा पाय थंड पडून दुखायला लागला, तर जवळचं मोठं रुग्णालय गाठ आणि आत शिरतानाच सांग, हृदयात मिक्सोमा आहे.

प्रश्न : मी भुसावळचा, रेल्वेतून निवृत्त, वय ६८. दोन महिन्यांपूर्वी अर्धा तास डावा हात लुळा पडला आणि आपोआप बरा झाला. तपासणीत महाधमनीच्या झडपेवर १.१ सेंमीची हलती गाठ निघाली, 'पॅपिलरी फायब्रोइलॅस्टोमा'. एवढ्याशा गाठीसाठी छाती उघडायची?

उत्तर : काका, हो. ही गाठही कॅन्सरची नाही, पण आकारावर जाऊ नका. पाण्यात सोडली तर समुद्रफुलासारखी पसरते, बारीक बारीक बोटं असलेली. त्या बोटांवर रक्ताच्या गुठळ्या धरतात आणि सुटून मेंदूकडे जातात. तुमचा हात अर्ध्या तासात परत आला हे नशीब म्हणा, पण तो इशारा होता. डावीकडची, हलती, सेंटीमीटरभर मोठी आणि एकदा लक्षण देऊन गेलेली गाठ काढायचीच असते. बहुतेक वेळा ती झडपेवरून अलगद तासून काढतात आणि झडप तुमचीच राहते. तारीख मिळेपर्यंत रक्त पातळ करायचं कोणतं औषध घ्यायचं ते डॉक्टरांनी लिहून दिलं असेल, त्यात एक दिवसही खंड पाडू नका.

प्रश्न : धुळ्याची शिक्षिका, वय ३४. चौदा महिन्यांपूर्वी मिक्सोमाचं ऑपरेशन झालं. आता काही त्रास नाही. दर वर्षी इको करायलाच हवा का? माझ्या भावालाही तपासायला सांगितलंय, त्याला तर काहीच होत नाही.

उत्तर : करायलाच हवा. एकुलती गाठ पूर्ण काढली असेल तर ती परत होण्याचं प्रमाण शंभरात एक ते तीन, म्हणजे फार कमी. पण परत झालीच तर ती लहान असतानाच सापडायला हवी. इकोला टोचणं नाही, किरण नाहीत, अर्धा तास जातो.

भावाचं म्हणशील तर तुझ्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय, आणि त्यांच्या मनात काय असावं ते सांगते. फार थोड्या रुग्णांत ही गाठ घराण्यातून येते. १९८५ साली कार्नी ह्यांनी ह्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला कार्नी कॉम्प्लेक्स म्हणतात. त्यातला दोष बहुतेकदा पीआरकेएआर१ए नावाच्या जनुकात असतो. अशा घरांत गाठ तरुणपणी होते, एकापेक्षा जास्त असते, डाव्या कर्णिकेखेरीज दुसऱ्या कप्प्यातही असते, आणि काढल्यावर परत येण्याचं प्रमाण कितीतरी जास्त. आरशासमोर उभी राहा आणि ओठांवर, पापण्यांवर, डोळ्यांच्या कोपऱ्यात बारीक काळे-तपकिरी ठिपके आहेत का बघ. भावाचेही बघ. थायरॉइडची किंवा स्तनातली गाठ घरात कुणाला झाली होती का, कुणी तरुणपणी अचानक गेलं होतं का, हे मोठ्या माणसांना विचारून एका कागदावर लिही आणि तो कागद पुढच्या भेटीत दे. ठिपके नसले, घरात काही नसलं, तरी तू चौतिशीची आहेस, त्यामुळे भावाने एक इको करून घ्यावा. त्याला काही होत नाही हे तपासणी न करण्याचं कारण नव्हे. तुलाही गाठ होती तेव्हा आधी काही महिने काहीच होत नसणार.

प्रश्न : शहादा. माझ्या बायकोला सातवा महिना आहे. सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात दोन गाठी दिसल्या. तिच्या आईने ऐकल्यापासून अन्न सोडलंय. बाळ वाचेल का? जन्मल्या जन्मल्या ऑपरेशन लागेल का?

उत्तर : सासूबाईंना आधी जेवायला बसवा आणि सांगा की पोटातल्या बाळाच्या हृदयात एकाहून जास्त गाठी दिसतात त्या बहुतेक वेळा रॅब्डोमायोमा असतात. तोही कॅन्सर नाही. मोठ्यांच्या गाठींपेक्षा त्याची रीत वेगळी आहे. जन्मानंतर पहिल्या काही वर्षांत ह्या गाठी बहुधा आपोआप लहान होत जातात, अनेकदा पूर्ण विरतात. म्हणून ह्या एका गाठीत आम्ही हात आखडता घेतो. रक्ताची वाट अडली किंवा ठोके फार बिघडले तरच ऑपरेशन.

मात्र दोन गोष्टी करा. बाळाच्या हृदयाचा तपशीलवार इको पोटात असतानाच फीटल इको करणाऱ्याकडून करून घ्या आणि दर काही आठवड्यांनी परत बघत राहा. गाठी वाट अडवत असतील तर बाळंतपण नवजात बाळाच्या हृदयाची सोय असलेल्या शहरात करायचं. ते आत्ता ठरवा, आठव्या महिन्याच्या शेवटी धावपळ नको. दुसरं म्हणजे अशा बाळांपैकी निम्म्याहून जास्त बाळांत ट्यूबरस स्क्लेरोसिस नावाचा जन्मजात आजार असतो. त्यात मेंदूत, मूत्रपिंडात, कातडीवरही खुणा असतात आणि पुढे झटके येऊ शकतात. जन्मानंतर बाळरोगतज्ज्ञ कातडीवरचे फिकट पांढरे डाग बघतील, मेंदूची आणि पोटाची तपासणी सांगतील, ती टाळू नका. झटके लवकर ओळखले तर त्यांवर औषध आहे. तुमच्या दोघांच्याही अंगावर तसे पांढरे डाग किंवा नाकाच्या बाजूला बारीक लालसर पुटकुळ्या लहानपणापासून आहेत का, ते डॉक्टरांना दाखवा. पुढच्या इकोचा रिपोर्ट आला की गाठींचं माप आणि त्या कोणत्या कप्प्यात आहेत तेवढं मला कळवा.